घोलवडच्या चिकूंचा समुद्रतळ

लेकीला विज्ञान प्रदर्शनात महासागराचा तळ मांडायचा होता. तालुक्यातून निवड झाली की जिल्ह्याला जायला मिळतं, आणि तिला जायचंच होतं. मी मदतीला धावलो. मी धावलो की घरातली बाकीची माणसं सावध होतात.

तिनं मला आधी शिकवून घेतलं. समुद्राच्या मधोमध जमीन दोन्हीकडे सरकत असते. फटीतून तापलेला रस वर येतो, गार पाण्यात फुगून त्याचे उशीसारखे गोळे होतात. तोच बेसाल्ट. त्याच्या खाली, फटीतच थिजलेल्या रसाच्या उभ्या भिंती. त्यांच्याही खाली गॅब्रो.

"रस एकच, मग दगड वेगळे कसे?" मी विचारलं.

"वरचा झटकन गार झाला म्हणून बारीक दाण्याचा. खालचा सावकाश, म्हणून जाड दाण्याचा."

"तुपासारखं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "हळूहळू थिजलं की रवाळ होतं. हे तुमच्या डोक्यात कधी थिजणार?"

मी दुर्लक्ष केलं, कारण मला गोळे सुचले होते. आमची वाडी चिकूची. कच्चे चिकू तपकिरी, गोल, दगडासारखे टणक! लाकडी पेटीत तळाला जाड खडी, तिच्यावर उभ्या पट्ट्या, वर दोन सरकत्या फळ्यांवर चिकूंच्या रांगा. मधल्या फटीखाली लाल कागद गुंडाळलेला बल्ब. धूळ बसू नये म्हणून झाकण लावलं आणि बल्ब नीट चालतो का पाहायला तो प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत चालूच ठेवला.

डहाणूला शाळेच्या हॉलमध्ये झाकण उघडलं आणि घमघमाट सुटला. ऊब द्यायची आणि पेटी बंद ठेवायची, चिकू पिकवायला आम्ही दरवर्षी हेच करतो. पिढीजात चिकूवाला मी!

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. एवढ्यात तलासरीहून आलेले परीक्षक समोर उभे राहिले.

"हा समुद्राचा तळ आहे की फळांचं दुकान?"

मी तोंड उघडणार, तोच तिनं कोपर मारलं. मग मधला एक चिकू चाचपला, कडेचा एक चाचपला आणि तिचा चेहराच बदलला.

"सर, मधला दाबून बघा."

त्यांचं बोट सरळ आत गेलं.

"आता त्याच्या शेजारचा. आता अगदी कडेचा."

कडेचा अजून टणकच होता. बल्बपासून लांब ना!

"फटीजवळचा तळ नवा, गरम," ती म्हणाली. "लांब जावं तसा जुना, गार, घट्ट."

"आणि फारच जुना झाला की?"

"जड होतो सर. कवचाच्या दुसऱ्या तुकड्याखाली बुडून परत पृथ्वीच्या आत जातो."

परीक्षक हसले. रुमाल शोधला, सापडला नाही. इकडेतिकडे बघून त्यांनी बोट चाटलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

निवड झाली. परतताना रिक्षात मी छाती फुगवून बायकोला फोन लावला, "बघ, माझ्या बल्बनं काम केलं!"

लेकीनं फोन माझ्या हातातून घेतला.

"आई, जिल्ह्यासाठी बटाटे आणून ठेव. आणि बाबांना सांग, वाडीत खूप काम आहे."