उकर्डा वल्द कोण?

"ही नक्कल तुमची तुमाले वापस," द्वारकाबाईंनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. "हिच्यापायी माह्यं वावर जाऊन राह्यलं."

नक्कल म्हणजे जुन्या रजिस्टरातल्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत. ती पंधरा दिवसांपूर्वी मीच दिली होती. मी म्हटलं, "बाई, नक्कल बरोबर आहे. रजिस्टरात जे आहे तेच लिहिलंय."

"तेच तं म्हन्ते मी. रजिस्टरातच खोटं हाय."

माझं डोकं तापलं. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ऑफिसात तेव्हा मी रेकॉर्ड कीपर होते. रेकॉर्ड रूममध्ये वीस वर्षं धूळ खाल्ली होती, अक्षरशः. सर्दी कायमची. रेकॉर्डला कोणी खोटं म्हटलं की मला शिवी दिल्यासारखं वाटायचं. त्यातून माझे आजोबा गावचे कोतवाल. गावात कोण जन्मलं, कोण मेलं ही खबर कोतवालानं आणायची आणि लिहिणाऱ्यानं रजिस्टरात चढवायची, अशी जुनी पद्धत. त्या रजिस्टराला आमच्याकडे अजून कोतवाल बुकच म्हणतात. आजोबांना सही येत नव्हती, पण खबर चुकली असं कधी झालं नाही. तेव्हा मी बाईंना चार शब्द सुनावले. त्या ऐकून घेत उभ्या राहिल्या आणि मग शांतपणे म्हणाल्या, "झालं असन तं आता आयका."

भानगड अशी होती. डोणगावच्या पुढच्या एका खेड्यात द्वारकाबाईंचं चार एकर वावर. ते आतल्या बाजूला. रस्त्याकडचं वावर अर्जुनरावांचं. त्यांच्या वावरातून पांदण, म्हणजे बैलगाडी जाईल एवढी वाट, पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. मग बीटी कापूस आला. पहिली दोन-चार वर्षं बोंडं अशी लगडली की प्रत्येकाला एकेक तास, म्हणजे नांगराची ओळ, जास्त हवंसं वाटायला लागलं. धुरे, म्हणजे बांध, बारीक झाले, पांदणी बारीक झाल्या. पुढे बीटीचं पीकही दगा द्यायला लागलं, पण नांगरलेली वाट कोणी परत सोडली नाही. अर्जुनरावांनी तर सरळ तारेचं कुंपण घातलं.

द्वारकाबाईंचे मालक अबोल माणूस. भांडण म्हटलं की उठून गोठ्यात जायचे. त्यामुळे केस बाईच लढत होत्या. वेचणी दिवाळीनंतर. वाट नाही तर गाडी नाही, आणि डोक्यावर गाठोडी घेऊन लांबच्या धुऱ्यानं फिरायला वेचणाऱ्या बाया तयार नव्हत्या. कापूस झाडावरच राहणार होता. एक वर्ष तसं गेलंच होतं. वाट नसलेल्या वावराला गिऱ्हाईक एकच असतं, ज्यानं वाट बंद केली तो. अर्जुनरावांनी विचारूनही झालं होतं, इकता का म्हणून.

आमचे तहसीलदार साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता, पण वऱ्हाडी बोली ऐकली की त्यांच्या चेहऱ्यावर एक बारीक हसू यायचं, ते मला आवडायचं नाही. त्यांचा मुद्दा मात्र साफ होता. दोन्ही वावरं मुळात एकाच माणसाची असतील आणि मुलांच्या वाटणीत फुटली असतील, तर मागच्याला पुढच्यातून वाट द्यावी लागते. तसं नसेल तर या केसमध्ये बाईंच्या हाती काही नव्हतं.

मुळात सगळं वावर गणोजी माळी नावाच्या माणसाचं होतं, इंग्रजी अमलात पहिली मोजणी झाली तेव्हाचं. याबद्दल वाद नव्हता. पुढचा भाग गेला 'तुकाराम वल्द गणोजी' याच्या नावावर. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. हा तुकाराम अर्जुनरावांचा पणजोबा. मागचा भाग गेला उकर्डा नावाच्या माणसाला, तो द्वारकाबाईंच्या सासरचा मूळ पुरुष. आणि मी दिलेल्या नकलेत लिहिलं होतं: 'उकर्डा वल्द रहमान पिंजारी'. ती कोतवाल बुकातल्या त्याच्या जन्माच्या नोंदीची. जमिनीच्या नोंदीतही बापाचं नाव तेच. अर्जुनरावांच्या वकिलांनी मागच्या हिअरिंगला दोन्ही नकला वर धरल्या आणि विचारलं, "ज्याचा बाप रहमान, तो गणोजीचा मुलगा कसा? गणोजीनं जमीन परक्याला दिली. वाटणी झालीच नाही."

"अर्जुनभाऊ म्हन्ते, आडनाव एक असल्यानं कोनी भाऊबंद होत नाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "पन आमी एकाच खोडाचे हावो, म्याडम. माह्या सासूनं सांगतलं मले."

"सासूनं सांगितलेलं साहेब धरत नाहीत."

"मंग पुस्तकात पाहा. पुढची तारीख आठ दिवसांवर हाय."

शोध-अर्ज लिहून घेतला आणि त्यांना पाठवून दिलं. खरं सांगते, बाईंचं तोंड बंद करावं एवढ्याचसाठी मी कोतवाल बुक पुन्हा काढलं.

जन्माची नोंद मोडीत होती. मोडी मला येते, सावकाश. या खेपेला मी उकर्ड्याची एकच ओळ न बघता गणोजीच्या घरच्या सगळ्या ओळी काढल्या. मुलगा, मयत. मुलगा, मयत. मुलगी, मयत. मुलगा, मयत. चार लेकरं, एकही वर्षाचं झालं नव्हतं. त्यानंतर बराच काळ काहीच नाही, आणि मग तुकारामचा जन्म. मी तिथे थांबले. दर दीड-दोन वर्षांनी बाळंत होणाऱ्या बाईला मध्येच एवढा खंड कसा पडला? साहेबांना हा प्रश्न पडला नसता. मला दोन लेकरं आहेत, मला पडला. आणि रहमान पिंजाऱ्याच्या घरी उकर्डा जन्मल्याची नोंद बरोबर त्या खंडाच्या मध्यावर होती.

मग मी ती ओळ शेवटपर्यंत वाचली. आमच्या नकलेच्या छापील नमुन्यात नाव, बापाचं नाव आणि तारीख एवढेच रकाने होते, म्हणून मी तेवढंच उतरवलं होतं. मूळ पानावर पुढे जातीचाही रकाना होता. रहमानच्या बाकीच्या लेकरांपुढे 'पिंजारी'. उकर्ड्यापुढे 'माळी'.

शाई तीच, हात तोच. नोंद अर्धी वाचून शिक्का मारणारी मी.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंना बोलावून घेतलं. "तुमच्या घराचा आणि पिंजाऱ्यांच्या घराचा काही संबंध?"

"हाय ना," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी पोरगं झालं की बाराव्या दिवशी सूपभर ज्वारी जाते पिंजाऱ्याच्या घरी. लग्नाची पयली अक्षदही तिकडंच. युनूसचाचाचं घर. डोणगावले गाद्या भरते थो."

"काऊन?" माझ्या तोंडूनही वऱ्हाडी निघालं.

"रीत हाय."

"अहो बाई, मग हे मला आधी नाही का सांगायचं?"

"तुमी कागद मांगला," त्या म्हणाल्या. "रीत कोनी मांगली?"

मी रेकॉर्ड रूमला कुलूप लावलं आणि डोणगावला गेले.

युनूसचाचा सत्तरीचे. दुकानात सगळीकडे कापूस उडत होता आणि त्यांच्या पापण्यांवरही बसला होता. मी विषय काढला तसं ते हसले. "येवढ्यासाठी ऑफिस सोडून आल्या का तुमी? माह्या दादानं, आज्यानं, सांगतलेली गोष्ट हाय. गणोजीच्या घरी लेकरू टिकत नव्हतं. पाचवं झालं तं त्याले घराच्या मांगं उकिरड्यावर टाकलं. माह्या दादाच्या आईनं, रहमानच्या बायकोनं, उचललं. चार दिवस घरात ठेवलं, आपलं दूध पाजलं. मंग त्याच्या मायनं सूपभर ज्वारी देऊन इकत घेतलं. आता थे लेकरू तिचं राह्यलं नाई ना. दुसऱ्याचं झालं. मंग मौत कायले पाह्यते त्याच्याकडं?"

ही पद्धत मला माहीत नव्हती असं नाही. आमच्या भागात उकर्डा, दगडू, कचरू ही नावं त्यातूनच आलेली. देवाची नजर चुकवायची. पण ते नाटक लोक किती पक्कं करत ते मला पहिल्यांदा कळलं. गणोजीनं कोतवालालासुद्धा खरं सांगितलं नव्हतं. जन्म लिहवला तो रहमानच्या घरी. जात तेवढी कोतवालानं आपल्या मनानं सांगितली असणार, कारण त्याला घर माहीत होतं. पुढे जमीन नावावर करतानाही बापानं ते नाटक मोडलं नसेल. लेकरू मोठं झालं, नांगर धरायला लागलं, तरी गणोजीची भीती गेली नव्हती. चार लेकरं पुरलेल्या माणसाची भीती जात नसावी.

मला तिथे दुकानात डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यात कापूस गेला असं समजून चाचांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हसलेही नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, गोष्ट पटते मला. पण जातीच्या रकान्यावर आणि सुपावर मी ऑर्डर लिहिली तर ती अपिलात दोन मिनिटांत उडेल. बाप म्हणून गणोजीचं नाव असलेला एक कागद आणा. एकच."

"आणते," मी म्हणाले. हिअरिंगला तीन दिवस उरले होते.

जन्मात खोटं, जमिनीत खोटं. मग मृत्यूत? मेलेल्या माणसाला आणखी कोणापासून लपवायचं? पण उकर्डा कधी मेला हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, आणि कोतवाल बुकाचे गठ्ठे एकावर एक छातीपर्यंत रचलेले. म्हणून मी आधी पेरेपत्रकं काढली. पेरेपत्रक म्हणजे कोणत्या वर्षी कोणी काय पेरलं त्याची गावाची यादी. उकर्ड्याचं नाव सापडलं तिथून मी वर्षावर्षानं खाली आले. कापूस आणि तूर. ज्वारी. पुन्हा कापूस. एका साली सगळं वावर पडीक. बैल मेला होता की तो स्वतः अंथरुणाला खिळला होता, कागद काही बोलत नाही. पुढच्या साली परत ज्वारी. नंतर झाडांच्या रकान्यात तीन आंबे. मला तो माणूस दिसायला लागला. देवापासून लपवलेलं ते पोरगं चांगलं म्हातारं होईपर्यंत दरसाल पेरत होतं. आणि मग एका साली त्याच्या नावाच्या जागी आलं 'किसन वल्द उकर्डा'. मुलाचं नाव लागलं, म्हणजे बाप त्याच्या आदल्या वर्षात गेला.

त्या वर्षाचं कोतवाल बुक गठ्ठ्यात नव्हतं. मी शिपायाला धरून सगळी रेकॉर्ड रूम उपसली. "म्याडम, वाळवीनं खाल्लं असन," तो म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सापडलं, शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यात बांधलेलं. बांधलेल्या दोरीवर माझ्याच हाताची चिठ्ठी होती. तेव्हा यात वाळवीची चूक नव्हती.

हिअरिंगला मी मूळ पुस्तकच घेऊन गेले. हे मोडीत नव्हतं, तोवर लिहिणं बाळबोधीत आलं होतं. अर्जुनराव आणि त्यांचे वकील एका बाजूला, द्वारकाबाई आणि युनूसचाचा दुसऱ्या बाजूला. त्या दिवशी बाईंचे मालकही आले होते, दाराशी उभे होते. साहेब म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. "मयत, उकर्डा वल्द गणोजी. जात माळी. धंदा शेती. खबर देणार, तुकाराम वल्द गणोजी. मयताचा भाऊ."

वकील उठले. "साहेब, एका माणसाला दोन बाप कसे?"

युनूसचाचा उभे राहिले आणि त्यांनी सूपभर ज्वारीची गोष्ट सांगितली. मग मी जातीचा रकाना दाखवला. माझी नक्कल अपुरी होती, हेही सगळ्यांसमोर सांगितलं. ते बोलायला जड गेलं.

अर्जुनराव पुस्तकाजवळ आले. "हा तुकाराम..."

"तुम्ही दिलेल्या वंशावळीतला," मी म्हणाले. "तुमचे पणजोबा. भावाची खबर द्यायला तेच गेले होते."

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. त्यांना मोडकंतोडकंच वाचता येत होतं, पण 'भाऊ' वाचता आलं. शेवटी म्हणाले, "आमच्यात कोनी सांगतलंच नाई." वकील काहीतरी पुटपुटले तर त्यांनाच म्हणाले, "बसा तुमी आता."

ऑर्डर झाली. अपील झालं नाही. दिवाळीच्या आधी कुंपण दोन ठिकाणी कापून गाडीवाट मोकळी झाली. कापूस काही फार पिकला नाही त्या साली, बोंडअळीनं बरंच नेलं. पण जो पिकला तो गाडीत बसून घरी आला, आणि वावर विकण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

महिन्याभरानं द्वारकाबाई पुन्हा माझ्या टेबलापाशी. मला वाटलं, आता जुनं रजिस्टर दुरुस्त करून मागणार. मी आधीच सांगून टाकलं, "बाई, त्या काळच्या नोंदीला मला हात लावता येत नाही. तिथं रहमानच राहणार."

"राहू द्या ना," त्या म्हणाल्या. "म्या कुठं काढ म्हनलं? एकानं जलम देल्ला, एकानं वाचवला. दोन्ही बाप असू द्या त्याले. मी तं जलमाची नवी नक्कल न्याले आली. दोन द्या, एक युनूसचाचाच्या घरी ठेवाची हाय."

दोन्ही नकला मी हातानं लिहिल्या, सगळ्या रकान्यांसकट. छापील नमुन्यात जागा नव्हती म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. त्यानंतर रिटायर होईपर्यंत ओळ शेवटापर्यंत वाचल्याशिवाय मी शिक्का उचलला नाही. आणि कोणी काउंटरवर येऊन रेकॉर्ड खोटं आहे म्हणालं, तर आधी त्याला खुर्ची द्यायची आणि घरातली रीत विचारायची.