दोन नावांची बाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, पाठच्या बहिणीलाही नाही. आज वही उघडली आणि हात थांबेना — तेव्हा तुम्हीच ऐका.

कळंबच्या आमच्या मळ्यातली भाजी मी रोज कारखान्याच्या वसाहतीत नेत असे. तिथं एका बंगल्यात जर्मनीची बाई राहायची. नाव एल्झा, पण सगळे मडम म्हणत. नवरा यंत्रं बसवायला आलेला इंजिनिअर. मी इतकी लाजरी, की पहिला महिनाभर टोपली पायरीवर ठेवून दाराआड उभी राहायची. एक दिवस तिनं मला हाताला धरून बसवलं आणि पुढ्यात पाटी ठेवली. पाटी! माझी चौथी झालेली — पण त्यानंतर पाटी कुणी दिली होती मला?

तिनं इंग्रजी अक्षरांत आपली दोन नावं लिहिली. लग्नाआधीची एल्झा फिशर, नंतरची एल्झा वेबर. म्हणजे तिकडंही असंच? मी खाली माझी दोन लिहिली — माहेरची चंद्रा, सासरची सुमन. ती टाळ्या वाजवून हसली. त्या दिवसापासून रोज घटकाभर पाटी. रिकामी टोपली डोक्यावर घेऊन मी बांधाबांधानं अक्षरं पुटपुटत यायची. पाय जमिनीला लागत नसत!

मग तिच्या भावाचं पत्र आलं. आई अंथरुणाला खिळली आहे, भेट हवी तर लगेच नीघ. साहेब तेव्हा दूर उत्तरेत दुसरं यंत्र बसवायला गेले होते. बोटीच्या तिकिटाचे पैसे भावानं धाडले, ते मुंबईवरून बारामतीच्या बँकेत आले. बोट सुटायला आठ दिवस. बँकेत जायला तिनं मला सोबत मागितलं आणि मामंजी चक्क हो म्हणाले.

काय सांगू तो दिवस! एस.टी.त मी खिडकीशी, शेजारी मडम. मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, हिला उन्हात नगा नेऊ, लोण्यावानी इतळंल की!" मडमला काय कळलं कोण जाणे, ती वळून म्हणाली, "व्हय, व्हय!" सगळी गाडी खदखदून हसली. जळोचीचे मळे आले तरी लोक हसतच होते.

बँकेत पितळी जाळी, वर फिरता पंखा. कारकुनानं कागद उलटेपालटे केले आणि मॅनेजरांना बोलावलं. पैसे फिशरच्या नावावर, पासपोर्ट वेबरचा. भावाला बहीण अजून माहेरचीच वाटणार ना! लग्नाचा कागद साहेबांच्या पेटीत, पेटी साहेबांबरोबर.

"ह्या दोघी एकच, हे सांगायचं कुणी?" मॅनेजर म्हणाले. मग त्यांची नजर माझ्याकडं वळली. "तुम्ही कळंबच्या आबांच्या सूनबाई ना? आबांचं खातं आहे इथं. बाईंची दोन्ही नावं तुम्हाला ठाऊक असतील तर करा सही. तुमची सही मला चालेल."

माझी सही! बँकेत! कागद समोर आला, टाक शाईत बुडवून हातात दिला.

"पूर्ण नाव लिहा," कारकून म्हणाला. पूर्ण नाव म्हणजे मधे ह्यांचं नाव. मी खाली पाहिलं. तो हसला, "उखाण्यात घ्या हवं तर!"

मी टाक खाली ठेवला. म्हणाले, "मला न्हाय ठावं तिची नावं. आन सही बी येत न्हाय."

सगळ्यांना वाटलं, लाजली. मडमलाही तेच वाटलं — आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, हे मीच तिला सांगितलं होतं. बाहेर आल्यावर तिनं माझा हात थोपटला. माझाच हात!

पण ती लाज होती का? नव्हती. टाक हातात आला तेव्हाच मला कळलं — मी सही केली, की ही जाणार. पायरी राहील, पाटी जाईल. म्हणून मी खोटं बोलले. आणि परतीच्या गाडीत — हे लिहितानाही कान तापतात — मला आनंद झाला होता. उद्या पाटी आहे, उद्या पाटी आहे, चाकं हेच म्हणत होती.

साहेबांना तार गेली, कागद फिरले, पैसे हाती आले. तोवर बोट सुटली होती. पुढच्या बोटीआधी आई गेल्याची तार आली.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन गेले. मडम पायरीवर बसली होती. तिनं पाटीवर एकच नाव लिहिलं आणि पाटी माझ्याकडं सरकवली. मी वाचलं. मार्था फिशर. न अडखळता, पहिल्यांदाच.

"शाब्बास," ती म्हणाली.

नाव तिच्या आईचं होतं.

तो कागद बँकेत कोराच राहिला. त्यावर जे लिहायचं होतं ते इथं लिहिते. एल्झा फिशर आणि एल्झा वेबर ही एकच बाई. मला ठाऊक होतं.

सही,
सुमन विठ्ठल गावडे