एदुविनाचं उरलेलं अर्धं घर

अहो, काय सांगू! एदुविना बाजारातून आली, तर तिच्याच नव्या तुळईला गवताचं बुजगावणं लटकलेलं! अंगात तिचाच ॲप्रन, डोक्यावर तिचीच जुनी टोपी. आमच्याकडे छपराच्या तुळया चढल्या की मालकानं सुतारांना निखाऱ्यावरचं मांस खाऊ घालायचं, मगच वर झेंडा लागतो. जो टाळेल त्याचं बुजगावणं टांगतात. मी समोरच राहते, हसून हसून माझी पुरेवाट झाली.

पण एदुविनाचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं.

आमच्या गल्लीत सगळ्यांना अर्धीच घरं मिळाली. वास्तुरचनाकार बाईंनी आधी विचारलं होतं, तुम्हाला स्वतःला काय बांधता येणार नाही? आम्ही म्हटलं, नळ, जिना, भक्कम भिंती. तेवढं त्यांनी बांधून दिलं, बाजूची अर्धी जागा ज्यानं त्यानं सवडीनं भरायची. कोणी निळ्या फळ्यांनी भरली, कोणी पत्र्यानं. एदुविनाला शिवणकामातून मान वर करायला फुरसत नाही, तिची मोकळीच राहिली. मग काय, गल्लीची लग्नं तिथेच, मयताला बसणंही तिथेच.

आता तिची लेक यास्ना तान्ह्या बाळाला घेऊन शनिवारी येणार होती. "स्वतंत्र खोली असेल तर राहीन आई, नाहीतर परत दक्षिणेला जाते," असं तिनं फोनवर स्पष्टच सांगितलेलं. म्हणून मेजवानी पुढे ढकलून एदुविना भिंतींच्या मागे लागली होती.

"बाउदिलिओ! उतरव ते ध्यान!" ती ओरडली.

"मांस कुठाय, एदुविनाबाई?" सुतार वरूनच हसला. "रीत म्हणजे रीत."

"अरे मेल्या, शनिवारी पोर येतेय माझी! आणि पंगत बसवू कुठे? तू इथेच तर भिंती घालतोयस!"

बाउदिलिओचं हसू मावळलं. त्याच्या मुलीचं लग्न याच जागेत व्हायचं होतं. एदुविना तुळयांकडे बघत राहिली, मग त्यांच्याही वर. तिथे अजून एक मजलाभर उंची नुसती वाऱ्याला मोकळी होती.

"ए, या तुळयांवर फळ्या ठोकल्या तर पेलतील?"

"मधे दोन खांब दिले तर का नाही पेलणार?"

"मग छप्पर कशाला? जमीनच कर त्यांची! खोली वर चढव, खाली मोकळंच राहू दे!"

आई गं, काय गलका झाला! अख्खी गल्ली फळ्या वाहायला धावली. मीसुद्धा, या गुडघ्यांनी! एदुविनानं बुजगावण्याचा ॲप्रन काढून स्वतःच्या कमरेला बांधला आणि ओरडली, "शनिवारी या सगळे जेवायला!"

यास्ना आली तेव्हा वर छप्पर होतं, सुतारांचं खाणं होऊन त्यावर झेंडाही लागला होता, पण भिंती तीनच. खाली गल्लीसाठी मांस चरचरतंय, गाण्यांचा दणदणाट. मी मनात म्हटलं, झालं! ही पोरगी आता तोंड फिरवणार! ती बाळाला घेऊन वर गेली ती खाली येईचना. एदुविना हातात चिमटा घेऊन जिन्याकडे बघत उभी.

शेवटी यास्ना उघड्या बाजूला आली. बाळ खांद्यावर गाढ झोपलेलं.

"बाउदिलिओकाका, चौथ्या भिंतीला खिडकी मोठी ठेवा हं. याला खालची लग्नं दिसायला हवीत."

एदुविना ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडायला लागली. मांस करपलं ते करपलंच, तरी आम्ही सगळं खाल्लं.