थेंबांची कडू चव

डोळ्यांत थेंब घातले की थोड्या वेळाने घशात कडू चव उतरते. काल इथे आखातात, वादी कबीर भागातल्या दवाखान्यात ती माझ्या घशात उतरली आणि बरका गावातली एक जुनी सकाळ आठवली.

माझ्या नवऱ्याला, मार्टिनला, शुगर आहे. डोळे तपासून घे म्हटलं की तो म्हणायचा, "लांबची होडी दिसते मला, कशाला तपासू?" पण शुगरने नजर कशी जाते यावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंना माणसं हवी आहेत म्हटल्यावर लगेच बरक्याला निघाला. दुसऱ्याचं काम म्हटलं की आमचे वसईवाले असेच.

तिथे बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले तेव्हा "घसा कडू झाला" म्हणाला; मग डोळ्यांच्या फोटोत लाल ठिपके दिसले. "आत रक्त झिरपतंय," बाई म्हणाल्या, "पण वेळेत आलात. लेझरने नजर वाचेल."

थेंबांमुळे बाहेरच्या उन्हात त्याला डोळे उघडवेनात. मी हात धरून गाडीपर्यंत नेलं. बोटं गार पडली होती त्याची. मला वाटलं, आता जन्मभर असंच न्यायचं.

काल तपासणी माझी होती, डोळे माझे दिपले होते. "यल्ला, चल, हात दे," म्हणत त्याने मला गाडीत बसवलं आणि घरापर्यंत दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत आला. एरवी मी त्याला गप्प केलं असतं.