शंकरनं दिलेली दोन उत्तरं

मंडळी, काश्मीरच्या सहलीला नाव दिलं असेल तर कॉलनीच्या फळ्यावरचा हा मजकूर पूर्ण वाचा.

विमान पळवल्याची बातमी रेडिओवर आल्यापासून तुम्ही रोज माझं डोकं खाताय, जायचं की नाही? म्हणून आज सकाळच्या एसटीनं विट्याजवळ शंकरच्या गावी गेलो. शंकर माझा शाळेतला मित्र. फौजेत आहे, नेमणूक काश्मीरला. सध्या सुट्टीवर आलाय.

गेल्या गेल्या विचारलं, "तिकडं धोका आहे का रे?"

त्याची आई शेजारीच शेंगा फोडत बसली होती. तिचे हात थांबले.

"छे! लय शांत हाय," शंकर हसत म्हणाला. "पोराबाळांना घिऊन या बिनघोर."

माझा जीव भांड्यात पडला.

आई चहा ठेवायला आत गेली, तसं त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "येऊ नगंस गड्या. गेल्या महिन्यात आमच्या गाडीम्होरंच बाँब फुटला. आईला कळू दिऊ नगं. परवा निघायचंय मला."

आई चहा घेऊन आली, तसं त्यानं माझं मनगट सोडलं.

निघताना आई फाट्यापर्यंत पोचवायला आली. एसटी दिसल्यावर हळूच म्हणाली, "तुमी कुणी जाऊ नगासा, बाबा. त्यो माज्याम्होरं कवाच खरं बोलत न्हाई. पर मला कळतंय, ह्ये त्याला सांगू नगंस."

सहल रद्द. आपण सुटलो.

पण परवा घरातून निघताना ती दोघं एकमेकांना काय सांगतील हो?