पुराच्या रेघा आणि आकाशदीप

गंगा घरात येऊन गेली की कस्तुरीचे वडील आधी गाळ काढत नसत. पाणी जिथवर चढलं तिथं खिळ्यानं भिंतीवर रेघ ओढत. काशीतल्या पंचगंगा घाटालगतच्या त्या खोलीत अशा कितीतरी रेघा होत्या. अठ्ठ्याहत्तर सालची सगळ्यांत वर. ती छोट्या कस्तुरीनं वडिलांच्या खांद्यावर बसून ओढलेली.

वसाही वडिलांचाच. कोजागिरीपासून महिनाभर रोज तिन्हीसांजेला घाटावर उंच बांबूच्या टोकाशी आकाशदीप चढवायचा. वेताच्या पिटारीत दिवा ठेवायचा आणि टोकाच्या कप्पीवरून आलेली दोरी दोन्ही हातांनी, एकाआड एक, ओढत राहायची. हात अडखळला की पिटारी हेलकावते, दिवा विझतो. वडिलांमागं हा मान कस्तुरीनं कुणाला दिला नव्हता.

यंदा आषाढात तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्तन काढावा लागेल, काखेतल्या गाठीही.

कस्तुरीनं एवढंच विचारलं, "हात वर जाईल ना?"

"व्यायाम केलात तर जाईल. भिंतीवर बोटं चालवायची, रोज थोडी वर."

भिंत तर घरचीच! इस्पितळात जायच्या सकाळी तिनं टाचा उचलून डावा हात लावून पाहिला. अठ्ठ्याहत्तरच्या रेघेला बोट टेकलं. मग ती निघाली.

छातीला पट्टी, काखेतली नळी, तिची बाटली पिशवीत, अशी ती परतली तर खोली पांढरीशुभ्र. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छता राखा म्हटलं होतं. नवऱ्यानं, नरहररावांनी, जीव लावून चुना मारून घेतला होता.

"अहो, रेघा?"

"अगं, जंतू नकोत म्हणून…" नरहरराव भिंतीकडं बघत म्हणाले.

इस्पितळात न रडलेली बाई त्या भिंतीपुढं रडली.

नळी निघाल्यावर सून रुची तिला रोज भिंतीशी उभी करू लागली. "चला आई, चढाई शुरू!"

बोटं मुंगीसारखी निघत. कमरेपाशी कस्तुरी म्हणे, "एवढ्या पाण्यात आई जिन्यावर शेगडी मांडून खिचडी करायची." छातीपाशी म्हणे, "इथवर आलं तेव्हा वडिलांनी खिडकीच्या गजालाच नाव बांधली." खांद्याशी काख ताणली जाई, डोळ्यांत पाणी येई आणि गोष्टही थांबे.

"आमच्या रेल्वेत असतीस तर लेट म्हणून पुकारलं असतं," नरहरराव म्हणत.

"घरजावयांनी आधी माझी भिंत परत करावी."

एका सकाळी खांद्याच्या जरा वर बोट कशात तरी अडकलं. तिनं नखानं चुना खरवडला. आत खाच होती, वडिलांच्या खिळ्याची! "अहो, या इकडं, आहेत रेघा!" नरहररावांनी दिवसभर पापडासारखा चुना सोलला आणि सगळा पूर पुन्हा भिंतीवर आणला.

कोजागिरीपर्यंत हात अठ्ठ्याहत्तरला पोचला नाही. वीतभर कमीच.

घाटावर नरहररावांनी दोरी धरली. "यंदा मी ओढतो."

"तुम्ही मागं उभे राहा."

उजवा हात लांब ओढी, डावा आखूड. पिटारी थबकत, थबकत वर निघाली. तिला आत्या मानणारा विश्वेश्वर नावाडी खालून ओरडला, "का हो बुआ, आज दीया पैदल जात हौ?"

"पैदल जाई," कस्तुरी धापा टाकत म्हणाली, "लेकिन पहुँची जरूर!"

पिटारी टोकाला टेकली. तिनं दोरी खुंट्याला बांधली आणि मान वर केली. दिवा जळत होता.