देवमासे बघायला येतेय

सॅन दिएगोला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर समुद्राचा उंच कडा होता. २००३ च्या डिसेंबरात सातवा महिना लागलेली मी रोज तिथल्या बाकावर जाऊन बसायचे. करडे देवमासे दक्षिणेला जाताना दिसायचे. म्हणजे दिसायचा नुसता फवारा. शेजारच्या बाई दर हिवाळ्यात त्यांच्या मागोमाग मेक्सिकोतल्या एका खाजणात जायच्या. तिथलं पाणी उथळ, शांत, वाऱ्यापासून आडोशाचं. माद्या थेट अलास्काहून तिथे येऊन वितात, असं त्या सांगायच्या. मला त्या माद्यांचा हेवाच वाटायचा. त्यांना हक्काचं माहेर होतं आणि मला डॉक्टरांनी विमानात बसायलाच बंदी केली होती.

म्हणून आईने यायचं ठरलं. फोनवर मी तिला देवमाशांच्या आणि त्या खाजणाच्या गोष्टी सांगायचे आणि तिच्या व्हिसाच्या मुलाखतीची उजळणीही मीच घ्यायचे. तेव्हा आमच्या मराठी मंडळींत पक्की समजूत होती की बाळंतपणाला येतेय म्हटलं की व्हिसा गेलाच. एका काकूंनी तर मला दम भरला, "बाळंतपणाचं नाव काढायचं नाही हं! ट्रिपला येतेय म्हणायचं, बास." जन्मात खोटं न बोललेल्या आईकडून मी तेच घोकून घेतलं.

मुंबईला वकिलातीच्या खिडकीतून प्रश्न आला, "कशाला जाताय?"

"देवमासे बघायला."

"कुठे?"

"मेक्सिकोत," आईने खरं ते सांगून टाकलं.

अमेरिकेचा व्हिसा मागायला आलेल्या बाईचं हे उत्तर! पासपोर्ट तसाच परत मिळाला. फोनवर मी तिच्यावर ओरडले, "एवढं साधं जमलं नाही तुला?" ती म्हणाली, "अगं, बाळंतपण सोडून दुसरं काय माहीत होतं मला तिथलं? तू सांगितलंस तेवढंच." चूक माझी होती, पण तेव्हा मी ती कबूल केली नाही.

फेब्रुवारीत मुलगी झाली. आईने धाडलेले डिंकाचे लाडू पोचेपर्यंत त्यांचा भुगा झाला होता. मी तो चमच्याने खाल्ला.

आईला व्हिसा मिळाला तो २००८ मध्ये. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तेल कोमट केलं, पदर खोचला आणि पाय पसरून खाली बसली. नातीला हाक मारली. चार वर्षांच्या नातीने वाटीत बोट बुडवलं, नाक मुरडलं आणि "नो आजी, इट्स स्टिकी!" म्हणत ती पळाली.

आई तळहातावरच्या तेलाकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "तू ये. तुझंही राहिलंच आहे."

मी तिच्याकडे पाठ करून बसले, आणि तिचा हात लागताच मला हुंदका आवरेना.